कुलूप, खूण आणि नजर: मुक्कामातल्या सायकलची राखण

आज आपण बोलणार आहोत बाहेरगावी मुक्कामाला नेलेल्या सायकलबद्दल. सुट्टी लागली की मुलं-मुली सायकली घेऊन समुद्रावर, गडाच्या पायथ्याला, शाळा-कॉलेजच्या शिबिराला जातात आणि तंबूत राहतात. जत्रेला, वारीला सायकलवर जाणारेही पुष्कळ आहेत. तुमच्यातले काही गट शहरातून येणाऱ्या सायकलवाल्यांची राहण्या-जेवणाची सोय करतात. जाणारी असो की सोय करणारी, रात्री दोघींना एकच घोर असतो. माणसं तंबूत झोपली, सायकली बाहेर राहिल्या. सकाळी त्या जागेवर असतील का?

सायकल ती काय, असं कुणी म्हणेल. आपण हिशेब करू. साधी सायकल पाच हजारांची धरली आणि गटातली बाई महिन्याला शंभर रुपये बचत टाकत असेल, तर ती पन्नास महिन्यांची बचत झाली, म्हणजे चार वर्षं आणि वर दोन महिने. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, कारण सायकल नसेल तर कित्येक मुलींची शाळा सुटते. सायकल चोरीला गेली की घरात पहिलं वाक्य येतं, "आता दुसरी कुठून आणायची?" दुसरं वाक्य पुष्कळदा असं येतं, "राहू दे आता शाळा." म्हणून हा विषय आपल्या गटाचा आहे.

डबेवाल्यांकडून काय शिकायचं

मी परळ-लालबाग भागातल्या बचत गटांचं काम पाहते. आमच्याकडे उघड्यावर सायकल ठेवण्यात पटाईत कोण, तर डबेवाले. दादर, लोअर परळ, चर्चगेट अशा स्टेशनांबाहेर त्यांच्या सायकली ओळीने लावलेल्या दिसतात. ही माणसं बहुतेक तुमच्याच गावांकडची, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं असं मानतात. पुढे १९५६ मध्ये त्यांचा ट्रस्ट नोंदवला गेला. २०२० च्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत होते.

एवढ्या डब्यांत एक डबा दुसऱ्यासारखाच दिसतो. तरी तो चुकत नाही, कारण झाकणावर रंगाने खूण काढलेली असते. कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे त्या दोन-चार अक्षरांत आणि आकड्यांत असतं. वाचायला येत नसलं तरी ती खूण ओळखता येते. ही खूण आपल्याला सायकलवर हवी आहे.

दुसरी गोष्ट सायकली ओळीने लावण्याची. डबेवाले एकमेकांच्या सायकली ओळखतात. कोण कुठली सायकल काढतोय, हे शेजारच्याला दिसत असतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, डबे थांबले, माणसं गावी गेली. सायकली स्टेशनबाहेरच राहिल्या. परत आल्यावर पुष्कळ सायकली गंजलेल्या सापडल्या आणि काही सापडल्याच नाहीत. कुलपं होती तिथेच होती, फक्त पाहणारी माणसं गेली होती.

आजच्या बोलण्याचं सार यातच आहे. कुलूप चोराचा वेळ खातं. खूण सायकल ओळखायला आणि परत मिळवायला उपयोगी पडते. पण सायकल खरी वाचते ती ओळखीच्या माणसाच्या नजरेमुळे. या तिन्ही गोष्टी एकत्र असायला हव्यात.

आणि गर्दीला नजर समजू नका. गिरगाव-लालबागच्या चाळीत जिन्याखाली सायकल लावली, तर वरच्या गॅलरीतून दहा ओळखीचे डोळे तिच्यावर असतात. परका माणूस हात लावायला गेला की कुणीतरी विचारतं, "कोण पाहिजे?" मोठ्या जत्रेच्या मैदानात हजार माणसं असली, तरी कुठली सायकल कुणाची हे कुणालाच माहीत नसतं. चोर शांतपणे सायकल उचलून चालू लागला, तर लोकांना वाटतं, त्याचीच असेल. म्हणून मुक्कामाला गेल्यावर पहिलं काम शेजाऱ्यांशी ओळख करून घेण्याचं. शेजारच्या तंबूतल्या बाईला जाऊन सांगा, "ताई, या चार सायकली आमच्या आहेत, जरा लक्ष असू द्या. तुमच्या कुठल्या? आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवतो." एवढ्या दोन वाक्यांचं काम महागडं कुलूपही करत नाही.

निघण्याआधी घरी करायची कामं

एक. सायकलचा नंबर शोधा. प्रत्येक सायकलच्या सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर, नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी केली की पायडलचे दांडे जिथे बसतात त्या गोल नळीच्या खाली तो बहुधा सापडतो. काही सायकलींवर सीटखालच्या नळीवर असतो. माती-ग्रीस पुसून तो नीट वाचा आणि वहीत लिहा. सापडला नाही तर दुकानदाराकडून दाखवून घ्या.

दोन. फोटो काढा. एक पूर्ण सायकलचा, एक नंबरचा, एक मुलगी सायकलजवळ उभी असलेला. हे फोटो घरातल्या आणखी एकीच्या मोबाईलमध्येही पाठवून ठेवा. सायकलबरोबर मोबाईलही गेला तर फोटो उरायला हवेत.

तीन. बिल जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा. बिलावर सायकलचा नंबर लिहिलेला नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. याचा उपयोग पुढे पोलीस ठाण्यात होतो, तो मी सांगणार आहे.

चार. खूण करा. ऑइलपेंटने मडगार्डवर गावाचं पहिलं अक्षर आणि गटाचा आकडा काढा. ही दिसणारी खूण. दुसरी खूण लपलेली हवी. नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सीटचा दांडा काढून नळीत सरकवून ठेवा. चोर रंग खरवडतो, पण ती चिठ्ठी त्याच्या लक्षात येत नाही. सायकल सापडली आणि दोघं हक्क सांगायला लागले, तर ती चिठ्ठी बाहेर काढायची.

पाच. कुलूप बघा. मागच्या चाकाला जे गोल कुलूप असतं, ते फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची आडकाठी नसते. बारीक तारेचं कुलूप छोट्या कटरनेही तुटतं. मुक्कामाला जायचं तर कापडी वेष्टणाची जाड साखळी किंवा यू आकाराचं लोखंडी कुलूप घ्या. सायकलच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च कुलपावर करावा, असा साधारण हिशेब सायकलवाले सांगतात. पाच हजारांच्या सायकलला पाचशेचं कुलूप. एकटीला जड वाटलं तर गटाने दोन लांब साखळ्या घेऊन ठेवाव्यात आणि ज्या मुली शिबिराला जातील त्यांना द्याव्यात. मंडप-भांडी आपण अशीच वापरतो की.

मुक्कामाच्या जागी

आमच्या भागातली मुलं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवस किंवा मांडव्याला उतरतात आणि सायकलने अलिबाग, आक्षी, नागावच्या किनाऱ्यावर जातात. सुरूच्या बनात तंबू ठोकतात. ही जागा डोळ्यांपुढे ठेवून सांगते, म्हणजे नीट समजेल.

बोटीत सायकल कठड्याला बांधा आणि उतरण्याच्या घाईत आपली आपण उतरवून घ्या. "मी धरतो, तुम्ही व्हा पुढे," असं अनोळखी माणूस म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणा.

जागा उजेडी निवडा. दुपारी जिथे सावली छान असते, तिथे रात्री मिट्ट काळोख असू शकतो. मालकाच्या घराचा दिवा कुठवर पोचतो ते विचारा आणि त्या उजेडात सायकली लावा. रस्त्याच्या कडेला लावू नका. रस्ता आणि सायकली यांच्यामध्ये तंबू आला, तर चोराला तुमच्यावरूनच जावं लागतं.

सायकल कशाला बांधायची, हे नीट पाहा. तंबूची काठी उपटता येते. बांबूचं कुंपण कापता येतं. फाटकाची झडप बिजागरीवरून वर उचलून काढता येते. ठेंगण्या खांबाला साखळी घातली, तर सायकल साखळीसकट वरून काढून घेता येते. म्हणून जाड बुंध्याचं झाड, सिमेंटमध्ये रोवलेला उंच खांब किंवा खिडकीचे गज शोधा. साखळी आधी फ्रेमच्या तिकोनातून, मग मागच्या चाकातून, मग झाडाभोवती घ्या. चाकालाच बांधली तर चोर चाक तिथे ठेवतो आणि बाकीची सायकल नेतो. साखळी ढिली आणि जमिनीला टेकलेली ठेवू नका. जमिनीवर ठेवून तिच्यावर घाव घालणं सोपं जातं. किल्लीचं भोक खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे वाळू आणि पाणी आत जात नाही. खाऱ्या वाऱ्यात कुलूप लवकर धरतं, म्हणून तेलाचे दोन थेंब सोडा.

चार-पाच सायकली असतील तर एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे अशा लावा. हँडल आणि पायडल एकमेकांत अडकतात, एकटी सायकल ओढून काढता येत नाही. एकच लांब साखळी सगळ्यांच्या फ्रेममधून घालून टोक झाडाला बांधा. दिवा, पंप, पाण्याची बाटली, पिशवी असं सुटं सामान काढून तंबूत घ्या. बोटाने खिट्टी फिरवून निघणारी सीट असेल तर तीही काढा. सीट नसलेली सायकल पळवून नेणं अवघड होतं.

चोरीच्या वेळा आणि रात्रीच्या पाळ्या

चोर रात्रीच येतो असं नाही. सगळ्याजणी पाण्यात उतरल्या, सगळ्याजणी जेवायला बसल्या, सगळ्याजणी आंघोळीच्या रांगेत आहेत, या त्याच्या सोयीच्या वेळा. तेव्हा एकजण सायकलींजवळ राहायलाच हवी. पहिल्या दिवशीच ठरवा, कुणी कधी थांबायचं. नाहीतर नेहमीच्या गरीब स्वभावाच्या मुलीवरच ते काम पडतं.

रात्रीसाठी लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांची पद्धत घ्या. मंडपात दहा दिवस मूर्ती असते, दागिने असतात. कार्यकर्ते पाळ्या लावून जागतात. सगळे जागे राहिले तर दुसऱ्या रात्री सगळेच झोपतात, हे त्यांना माहीत असतं. तुम्ही आठजणी असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास चार जोड्यांत वाटा. दोघींना दोन तास. एकटीला पाळी देऊ नका. झोपण्याआधी सायकली मोजा, पाळी बदलताना मोजा, सकाळी उठल्यावर मोजा. एक किल्ली एकीकडे, दुसरी किल्ली दुसरीकडे. किल्ली सायकलच्या पिशवीत ठेवू नका.

दोघी-तिघीच असाल आणि जागणं जमणार नसेल, तर सायकलच्या हँडलला बारीक दोरी बांधा. तिचं दुसरं टोक तंबूत आणून चमचे घातलेल्या स्टीलच्या डब्याला बांधा. सायकल हलली की डबा वाजतो.

आता महत्त्वाचं. पहारा चोराला पकडण्यासाठी नाही. कुणी सायकलजवळ दिसलं तर बॅटरीचा झोत टाका, शिट्टी वाजवा, नावं घेऊन आरडाओरडा करा, ११२ नंबरला फोन करा. अंधारात एकटीने मागे धावू नका. सायकल पुन्हा घेता येते. प्रत्येक मुलीला हे जाण्याआधी स्पष्ट सांगा, कारण "सायकल सांभाळ" एवढंच सांगून पाठवलेली मुलगी घरच्यांच्या धाकाने जिवावर उदार होते.

पाहुण्यांची सोय करणाऱ्या गटांसाठी

ज्या गटांकडे शहरातले पाहुणे उतरतात, त्यांनी पडवीत किंवा अंगणातल्या भिंतीत चार-सहा जाड लोखंडी कड्या सिमेंटने बसवून घ्याव्यात आणि वर एक दिवा लावावा. गिरगाव-दादरचा सायकलवाला पाहुणा जेवणाची चव जशी लक्षात ठेवतो, तसं सायकल निर्धास्त ठेवता आली हेही लक्षात ठेवतो. वहीत पाहुण्याचं नाव, फोन आणि सायकलचा रंग-कंपनी लिहा. एकाच आकड्याचे दोन बिल्ले करा, एक सायकलला, एक पाहुण्याकडे. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल सोडू नका, मग तो माणूस कितीही घाईत असो. "सामानाची जबाबदारी मालकाची" अशी पाटी लावून आपली सुटका होत नाही. एक चोरी झाली की ती बातमी पुढच्या दहा पाहुण्यांना कळते.

तरीही गेली तर

आधी आसपास शोधा, फोटो दाखवा, जवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याला आणि भंगारवाल्याला सांगून ठेवा. मग त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. चोरी परक्या गावात झाली आणि तुम्ही घरी परतलात, तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

बिल का जपायचं, ते आता पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची शिक्षा आहे. पण चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपल्या सायकली नेमक्या या आकड्याच्या आसपासच्या असतात. म्हणून सायकलची किंमत बिलासकट दाखवा आणि तिच्याबरोबर गेलेलं कुलूप, दिवा, पंप, पिशवी यांचीही यादी द्या. किंमत फुगवू नका, पण काही सोडूही नका.

आणखी एक. राहत्या घरातून, तंबूतून किंवा बोटीतून झालेल्या चोरीला वेगळं कलम आहे, ३०५. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कायद्यात तंबूचा उल्लेख आहे. सायकल नेमकी कुठे होती, तंबूच्या आत की बाहेर झाडाला, हे तक्रारीत जसं घडलं तसं स्पष्ट लिहा. जमत असेल तर रात्री सायकल तंबूत किंवा खोलीतच घ्या.

स्वस्तात जुनी सायकल घेताना हेच उलट लक्षात ठेवा. बिल नाही, नंबर खरवडलेला आहे, आणि विकणारा घाई करतोय, तर ती घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, आणि ती सायकल दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीची असते.

आता गटाला एक काम सांगते. पुढच्या बैठकीला सगळ्या सभासदांनी घरातली सायकल घेऊन यावी. बचतीचा हिशेब झाला की गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान पाडा. नाव, सायकलचा रंग, फ्रेम नंबर, बिल आहे की नाही, खूण काय, असे पाच रकाने. वीस सायकलींना तासभर लागेल. त्याच बैठकीत मुलींनाही बसवा, नंबर त्यांनाच शोधू द्या, रंगाने खूण त्यांनाच काढू द्या.

आणि एखादीची सायकल गेलीच, तर तिला घरी ओरडा खायला एकटी पाठवू नका. गटातल्या दोघी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, दोघी तिच्या घरी जा. गटातून थोडं कर्ज देता आलं तर द्या. तोवर शेजारच्या मुलीच्या कॅरिअरवर बसून ती शाळेत जाईल. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा चालू राहिली पाहिजे.